कपाळावरची तिरकी खिडकी

अवरे बाजारात आले की माझं डोकं उठतं.

अवरे म्हणजे तुमचे पावटेच. पुण्याकडून आलेले पाहुणे तसंच म्हणतात आणि वर "हात्तिच्या, एवढंच होय?" म्हणून हसतात. हसू द्या. त्यांनी एकदा थंडीत सकाळी म्हैसूरच्या बाजाराबाहेर उभं राहून बघावं. कडकोळकडून बैलगाड्या येतात, दवानं ओल्या शेंगांची पोती रस्त्यावरच उलटी होतात, आणि त्या शेंगांच्या चिकट सालींचा जो वास उठतो, ज्याला इकडे सोगडु म्हणतात, तो पुढचे दोन महिने अंगाला, धोतराला, शाळेतल्या खडूला आणि देवघरातल्या घंटेलासुद्धा येत राहतो. उप्पिट्टात अवरे, सारात अवरे, तांदळाच्या रोटीत अवरे. एकदा वैतागून मी नुसतं ताक मागितलं, तर त्यातही दोन तरंगत होते.

खाणं परवडलं, पण ते सोलणं! शेंगा सोलायच्या, दाणे भिजत घालायचे, आणि मग एकेक दाणा चिमटीत धरून असा दाबायचा की आतली डाळ टुणकन बाहेर यावी आणि साल बोटात राहावी. या दिवसांत म्हैसुरात कुणाच्याही घरी जा, "या, बसा" म्हणायच्या आधी तुमच्यापुढे परात सरकते. कानडी घर असो, आमच्यासारखं मराठी असो, परात तीच. मी मुलींच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर. बोटांवर माझं पोट. पण माझ्या चिमटीतली डाळ परातीत न पडता नेमकी समोरच्याच्या डोळ्यात जाते.

आज सकाळीही गेली. बायकोच्या.

"अहो, उठा बघू तुम्ही," ती डोळा चोळत म्हणाली. "तुम्ही इथून गेलात तर आमच्याच्यानं दुप्पट काम होईल."

"मी मदत करतोय."

"तुमची मदत साकु. बाहेर जाऊन बसा."

साकु म्हणजे पुरे. आमच्या घरात लग्नानंतर सर्वांत जास्त वापरला गेलेला कानडी शब्द हाच असावा. मी मुकाट्यानं ओसरीवर येऊन बसलो. वास तिथंही आलाच. आणि त्या वासाबरोबर, दरवर्षी येतो तसा, तो एक हंगाम आला, ज्यात मी माझ्या आयुष्यातली सर्वांत सरळ रेघ काढली होती आणि तिच्यापायी एका माणसाची नजर घालवायच्या बेतात होतो.

तो माणूस म्हणजे भाऊकाका. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, महाराजांच्या रिसाल्यातले निवृत्त दफेदार. आमचे पूर्वज कधी काळी तलवार घेऊन या मुलखात आले आणि इथला भात खाऊन इथलेच झाले. पुढे तलवारी माळ्यावर गेल्या, घरात कारकून आणि मास्तर निपजू लागले. घोड्यावर मांड ठोकून बसणारा भाऊकाका हा घराण्यातला शेवटचाच. माझं म्हणाल, तर मला घोड्याचं चित्रसुद्धा धड जमत नाही. मागचे पाय गाईचे होतात.

काका-काकूंना मूल नव्हतं आणि मला आईवडील उरले नव्हते, तेव्हा आमचं तिघांचं घर. माझं लग्न अजून व्हायचं होतं. काकू मला माधू म्हणायची, काका खुशीत असले तर मास्तर आणि एरवी माध्या.

त्या हंगामात पहिलं भांडण चांभाराशी झालं. काकांनी नवे बूट करायला टाकले होते, ते पायात जाईनात. माप चोरलं म्हणून काका त्याच्या अंगावर धावून गेले. तो बिचारा जुनं माप दाखवून शपथा घेत होता. "पाय वाढायला मी काय शाळकरी पोर आहे?" काका गरजले. मग बोटातली अंगठी निघेना, ती सोनाराकडून कापून घ्यावी लागली. काकू म्हणाली, खाणं वाढलंय. मी म्हणालो, थंडीनं सूज असेल. घरात दोन वैद्य असले की माणसाचं असंच होतं.

मग काका आदळू लागले. दाराच्या चौकटीला खांदा, तुळशीच्या कट्ट्याला गुडघा. एक दिवस बाजारात त्यांनी बाजूला बसलेल्या बाईची अवऱ्यांची टोपलीच लाथेनं उडवली. "कण्णिल्वा?" ती ओरडली. डोळे नाहीत का, असं. रिसाल्यातल्या दफेदाराला हे असं भर बाजारात. शेंगा मी वेचल्या. अर्थात त्यातल्या निम्म्या शेजारच्या बाईच्या ढिगातल्या होत्या, आणि मग त्या दोघींचं जे जुंपलं ते सोडवायला पोलीस यावा लागला.

जुने सोबती बाजूनं रामराम करत, काका सरळ पुढे निघून जात. लोक म्हणू लागले, दफेदाराला माज आलाय.

आणि मी? मी मजेत होतो. कारण ऐका. आम्ही केळीच्या पानावर जेवायचो. पान ऐसपैस, आणि चटणी, कोशिंबीर, तळण डाव्या टोकाला. काका माझ्या उजवीकडे बसत, म्हणजे त्यांच्या पानाचं डावं टोक माझ्या उजव्या हाताशी. काकू अवऱ्यांचे वडे करी. जगात असे वडे कुठं नाहीत. त्या दिवसांत माझ्या लक्षात आलं की काकांच्या पानावरचा वडा उचलला तर काका काही बोलत नाहीत. एक उचलला, नाही बोलले. दुसऱ्या दिवशी दोन उचलले. पूर्वी नुसता हात वळवळला तरी पळीचा फटका मिळायचा. मला वाटलं, म्हातारपणी प्रेम वाढतं माणसाचं. पुतण्या खातोय, खाऊ दे, म्हणून समोर भिंतीकडे बघत जेवताहेत. मी भारावून तिसरा उचलायचो.

असा मी. शहरातल्या सगळ्यांच्या आधी काकांचा आजार मला कळला होता आणि तो मी खाऊन टाकला.

शेवटी इस्पितळात एका तरुण डॉक्टरांनी काकांना समोर बसवलं, स्वतःच्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि दोन्ही हात बाजूला पसरून बोटं हलवली. "बोटं दिसली की सांगा." काका समोर बघत बसले. बोटं हलत होती, काका गप्प. डॉक्टरांनी हात हळूहळू पुढे आणले. पार चेहऱ्यासमोर आले तेव्हा काका म्हणाले, "आता दिसली." खोलीत मी उभा होतो. माझ्या घशात सगळे वडे परत आले.

मग डोक्याचा एक्स-रे काढला. तो ज्या काचेवर उमटला होता ती काच डॉक्टरांनी खिडकीच्या उजेडात धरली. बोलणं अर्थात कानडीत. "हे नोडी, हे बघा दफेदार," ते म्हणाले. "डोळ्यांच्या मागं, मेंदूच्या खाली, हे हाड. याचा आकार खोगिरासारखा असतो. वैद्यकात त्याला नावही खोगिराचंच आहे. त्यात एक एवढीशी ग्रंथी बसलेली असते, हरभऱ्याएवढी. तुमची वाढली आहे. तिथं गाठ झाली आहे. तिच्यामुळं हातपाय वाढले, आणि ती वरून जाणाऱ्या डोळ्यांच्या नसा दाबते, म्हणून बाजूचं दिसत नाही."

मी दाराकडे बघू लागलो. काका मात्र काचेवर वाकून ते खोगीर बघत होते, जसं नव्या घोड्याचं सामान तपासावं तसं.

"म्हणजे स्वार जड झालाय," ते म्हणाले.

"हो. तसंच."

"आणि मी झापडं बांधलेल्या घोड्यासारखा."

डॉक्टरांनी काच खाली ठेवली. "तसंच," ते म्हणाले. "काही केलं नाही तर झापडं हळूहळू मिटत जातील." कापून काढणं इथं कुणाच्या हातचं नव्हतं. पण एक्स-रेचं यंत्र फोटो काढतं तसंच तेच किरण जास्त जोरानं, रोज थोडे थोडे, नेमके त्या खोगिरावर सोडले तर गाठ आवळते, असं विलायतेत दिसून आलं होतं. यंत्र इस्पितळात होतं. "खात्री देत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण नेम चुकला नाही पाहिजे."

नेमासाठी त्यांनी काकांच्या डोक्यावर तीन चौकोन काढले. एक कपाळावर, दोन्ही कानशिलांवर एकेक. किरणांनी त्या खिडक्यांतूनच आत जायचं, बाकी डोकं शिशाच्या पत्र्यानं झाकायचं. जांभळ्या शाईनं काढलेले ते चौकोन बघून माझ्यातला मास्तर कळवळला. कपाळावरचा चौकोन डावीकडे कललेला, कानशिलांवरचे एक वर एक खाली. चौथीतल्या मुलीनं असा काढला असता तर मी तिला पट्टी धरून परत काढायला लावला असता. एवढा विलायतेला जाऊन आलेला माणूस, आणि हात हा असा!

"मास्तर, ही खूण जाता कामा नये," डॉक्टरांनी मला बजावलं. "पुसायची नाही, धुवायची नाही, चोळायची नाही. कोर्स संपेपर्यंत. जबाबदारी तुमची."

घरी येऊन मी काकूला सांगितलं, "कपाळाला पाण्याचा थेंब लागता कामा नये." तीन गोष्टींची मी एक केली. सुटसुटीत बोलायची सवय, दुसरं काय.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसता वैताग. सकाळी टांगा, इस्पितळाचं बाकडं, वाट बघणं. शिवसमुद्राच्या धबधब्यावरून येणारी वीज मधेच मंदावायची, यंत्र रुसायचं, आम्ही बाकड्यावर. वीज आली तर यंत्रातली नळी तापलेली असायची, ती निवेपर्यंत परत बाकडं. यंत्र सुरू झालं की आतून कडकड-चर्रचर्र असा आवाज आणि पावसाळी विजेनंतर येतो तसा वास. काकांना लांब फळीवर निजवून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावत. दाराच्या काचेतून मी बघायचो. काका ओठातल्या ओठात काही म्हणत असत. मला वाटायचं रामनाम. एक दिवस दार उघडं राहिलं तेव्हा ऐकलं. "हो... हो, बेटा. हो." यंत्राला चुचकारत होते. बुजऱ्या घोड्याला करतात तसं.

बाहेर आले की मळमळायचं त्यांना. टांग्यात डोळे मिटून बसत. आणि घराच्या गल्लीत शिरलं की दुसरा त्रास सुरू. म्हैसुरात माणसाच्या कपाळावरून त्याचा देव ओळखतात. उभं नाम असेल तर अय्यंगार, आडवं भस्म असेल तर शैव, काळी रेघ आणि खाली टिकली असेल तर माध्व. आणि आमचे काका गंध पुसून जांभळा तिरका चौकोन लावून निघालेले! शेजारचे अय्यंगारमामा चार दिवस नुसतेच बघत होते. पाचव्या दिवशी कुंपणापाशी येऊन त्यांनी हळूच विचारलं, "दफेदार, हा कुठला मठ?"

"नवा आहे," काका म्हणाले.

"स्वामी कोण?"

"इस्पितळात असतात. विजेवर चालतात."

मामांनी हे कुणाकुणाला सांगितलं कोण जाणे. दोन दिवसांनी एक बाई तान्हं मूल घेऊन आली आणि काकांच्या पाया पडली. काकांनी गंभीरपणे मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. मी म्हणालो, "काका, हे बरं नव्हे." काका म्हणाले, "सुम्ने बस. पोराला नजरेचा आशीर्वाद दिला. माझी जी काय उरली असेल ती." सुम्ने म्हणजे उगीमुगी, गप्प.

काकूचा मात्र या सगळ्यावर राग. रोज गंध लावणाऱ्या कपाळावर शाई! टी. नरसीपूरच्या संगमावर नेऊन तीन बुड्या मारून आणूया, सगळं जाईल, असं ती म्हणायची. मी हात जोडायचो. आणि अशात आली भोगी.

भोगीला आमच्या घरात डोकं न धुता कुणी राहिलेलं नाही. ताप असो, सुतक असो, काकू शिकेकाईची वाटी घेऊन मागं लागायची. मी सकाळपासून पहाऱ्यावर होतो. न्हाणीघराच्या दारात पाट टाकून, पुढ्यात परात घेऊन अवरे दाबत बसलो होतो, म्हणजे काका आत जाणार नाहीत. काका आत गेलेच नाहीत. मी मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. तेवढ्यात काका मागच्या अंगणातून आले. चेहरा तुपासारखा चकाकत होता. कपाळ स्वच्छ.

"काकू!" मी किंचाळलो. "पाणी?"

"पाण्याचा थेंब लावलेला नाही," काकू शांतपणे म्हणाली. "तूच म्हणालास ना, पाणी नको म्हणून. तेल चोळलं आणि हरभऱ्याच्या पिठानं पुसून काढलं. सणाचं डोकं कोरडं कसं ठेवू?"

मी काकांकडे बघितलं. "तुम्ही तरी!"

"मास्तर, तिनं चोळायला घेतलं तेव्हा मागून आली," काका म्हणाले. "मला बाजूचं दिसत नाही, तर मागचं कुठून दिसणार? आणि खरं सांगू, बरं वाटलं रे. किती दिवसांनी कुणी डोक्याला हात लावला, वाळूच्या पिशवीखेरीज."

कुणावर चिडायचं ते कळेनासं झालं की माणूस सर्वांत जवळच्या वस्तूवर चिडतो. मी परातीवर चिडलो. डाळ अंगणभर झाली.

दुसऱ्या दिवशी संक्रांत, इस्पितळ बंद. तिसऱ्या दिवशी किंक्रांत, त्या दिवशी काकू घराबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही, पण इस्पितळाची वेळ ठरलेली. डॉक्टरांना काय सांगणार? मग मला माझी विद्या आठवली. अरे, मी चित्रकलेचा मास्तर. एकदा पाहिलेली वस्तू डोळ्यांपुढे उभी करणं हा माझा धंदा. शाळेतली जांभळी शाई घरातच होती. संक्रांतीच्या दुपारी काकांना ओसरीवर उजेडात बसवलं, तिळगूळ तोंडात दिला म्हणजे ते हलणार नाहीत, आणि पट्टी, कंपास, दोरा घेऊन कामाला लागलो. नाकाच्या शेंड्यापासून कपाळाचा मध्य काढला. दोन्ही कानांपासून दोरा धरून कानशिलं एका पातळीत आणली. आणि डॉक्टरांची चूक, ती मनाला लागून राहिलेली तिरकस चूक, मी दुरुस्त केली. काय सुंदर चौकोन झाले! काटकोन म्हणजे काटकोन. काकूसुद्धा म्हणाली, "आता कसं देवासारखं दिसतंय."

किंक्रांतीला काकूनं दारात डोळे मिटून आम्हांला निरोप दिला, म्हणजे आम्ही गेलेलं तिनं पाहिलं नाही असं झालं.

डॉक्टरांनी काकांना फळीवर निजवलं, शिशाचा पत्रा उचलला, आणि थांबले. वाकून बघितलं. परत बघितलं.

"हे मी काढलेलं नाही," ते म्हणाले.

"आपणच..." मी सुरुवात केली.

"मी इतकं सरळ आयुष्यात काढलेलं नाही."

मग मी सगळं सांगितलं. भोगी, तेल, हरभऱ्याचं पीठ, दोरा, कंपास. आणि वर, देवा रे, हेही सांगितलं की मूळ चौकोन जरा कलले होते ते मी सारखे केले. ते सांगताना माझ्या आवाजात किंचित अभिमान होता. तो मला अजून ऐकू येतो. आंघोळ करताना कधी कधी अचानक ऐकू येतो आणि मी तांब्या आपटतो.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काच आणली आणि उजेडात धरली. "मास्तर, गाठ डावीकडे झुकलेली आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "आतलं खोगीर एका बाजूनं झिजलंय. म्हणून खिडकी तिरकी. तुमच्या खिडकीतून किरण गाठीच्या बाजूनं निघून गेले असते. आणि या कानशिलावरून कुठं गेले असते, सांगू? डोळ्यात. ज्यानं त्यांना अजून दिसतंय त्या डोळ्यात."



फळीवरून काका म्हणाले, "माध्या, घोड्याची पाठ वाकडी असली तर सामान तिरकंच आवळतात रे. मला विचारायचंस."

मला विचारायचंस! सबंध घरात खोगीर आवळलेला एकच माणूस, माझ्यापुढे तासभर तिळगूळ चघळत बसला होता, आणि मी त्याच्या कपाळाला विचारलं, त्याला नाही.

आता पुन्हा मापं घ्यायची, पुन्हा काच काढायची, आणि काच काढणारा माणूस सणाला गावी गेलेला. मधे खंड पडलेला डॉक्टरांना नको होता. ते चिडून स्पिरिटचा बोळा घेऊन माझे काटकोन पुसू लागले. पुसता पुसता त्यांचा हात मंद झाला. "दफेदार, इथं खाज येते?"

"दोन दिवस झाले. चुरचुरतं."

डॉक्टरांनी मला जवळ बोलावलं. माझी शाई गेली होती, आणि तिच्याखाली, काकांच्या सावळ्या कपाळावर, संक्रांतीला मला न दिसलेली एक तांबूस-काळसर सावली उमटली होती. चौकोनी. डावीकडे कललेली. उन्हात भाजल्यासारखी, कडा अगदी स्पष्ट. कानशिलांवरही तशीच, एक वर, एक खाली. इतके दिवस किरण ज्या खिडकीतून आत जात होते तिथली कातडी भाजून निघाली होती. तेलानं, पिठानं, माझ्या पट्टीनं तिला काही केलं नव्हतं.

डॉक्टरांनी त्या सावलीच्या कडेकडेनं नवी रेघ काढली. तीच वाकडी रेघ. मी डोळे भरून बघितली. तेव्हापासून वर्गात एखाद्या मुलीच्या वहीत तिरकी रेघ दिसली की मी आधी विचारतो, "बाळ, ही मुद्दाम आहे का?" मुली आता शेफारल्या आहेत. सगळ्याच मुद्दाम म्हणतात.

कोर्स संपला. कानशिलांवरचे केस चौकोनी गळले, तेही तिरकेच. "आता वाट बघायची," डॉक्टर म्हणाले. वाट बघणं हा काय उपचार झाला? पण तोच होता. अवरे महाग झाले, मग स्वस्त झाले, मग राठ व्हायला लागले. काका चौकटींना आदळतच होते. मी वड्यांना हात लावणं सोडलं होतं. एक दिवस जेवताना काकूनं मला खुणेनं विचारलं, का रे? मी मान हलवली. तिनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"चोर," ती दबक्या आवाजात म्हणाली, "आता का लाजतोस? रोज उचलायचा. मी तिकडे वाढता वाढता यांच्याकडे बघेन. यांना कळतं का ते मला बघू दे."

तिचे डोळे भरले होते आणि हातात झारा होता. दोन्हींपुढे माझं काही चालेना.

मग सुरू झाली ती चोरी. काय सांगू! पूर्वी पकडलं जाऊ नये म्हणून हात कसा अलगद जायचा. आता मी मुद्दाम हात लांब करायचो, बाही सावरायचो, बांगड्या असत्या तर वाजवल्या असत्या. काका समोर भिंतीकडे बघत भात कालवत. वडा उचलला जाई. काकू पळी हातात धरून उभी. काही नाही. मी तो वडा तोंडात घालायचो आणि तो भुसा व्हायचा. जन्मात पहिल्यांदा मला पकडलं जावंसं वाटत होतं आणि कुणी पकडत नव्हतं. संतापानं मी एकदा दोन-दोन उचलले. नाही. काकूनं तोंड फिरवलं. तिला वाटलं मी बघितलं नाही.

ओसरीवर बसून हे आठवताना आतून बायकोची हाक येते. वडे तळून झालेत म्हणे. मी उठत नाही. अजून थोडं राहिलंय.

हंगामाचा शेवट होता. बाजारात शेवटची पोती, दाणे राठ, वास विरलेला. काकू म्हणाली, हे शेवटचे वडे, आता पुढच्या वर्षी. तेलही तिचं मन लागत नसल्यासारखं तापलं होतं, काही वडे काळे पडले होते. आम्ही जेवायला बसलो. मी सवयीनं, काही आशा न ठेवता, हात काकांच्या पानाच्या डाव्या टोकाकडे नेला आणि पहिला हाताला आला तो वडा उचलला.

माझ्या मनगटावर हात पडला. तो मोठा, वाढलेला, अंगठी कापलेला हात. काका भिंतीकडेच बघत होते. मान वळवलेली नव्हती.

काकूच्या हातून पळी पडली.

"तो ठेव," काका म्हणाले. "करपलाय. पलीकडचा घे."